बाजारात उभं राहण्याचा हक्क



'दो आँखें बारह हाथ' हा व्ही. शांताराम यांचा चित्रपट राजूर पंचक्रोशीतल्या ज्येष्ठांनी जत्रेच्या तंबूत पाहिला असेल, तरुणांनी मोबाइलवर. 1957 सालचा चित्रपट, कथा ग. दि. माडगूळकरांची. सहा खुनी कैदी, एक तुरुंगाधिकारी आणि ओसाड माळाचा तुकडा. या चित्रपटाची आठवण निघाली की लोक शेवटची बैलाशी झुंज सांगतात. मला मात्र त्यातला भाजीबाजार जास्त महत्त्वाचा वाटतो. कैदी राबून पिकवलेली भाजी गावच्या बाजारात आणतात, रास्त भावाने विकतात, गिऱ्हाईक त्यांच्याकडे वळतं आणि तिथल्या व्यापाऱ्याचं पित्त खवळतं. तो गुंड घालून त्यांना मार देववतो. माळ नांगरताना, विहीर खोदताना, बियाणं पेरताना त्यांच्या वाटेला कोणी गेलं नव्हतं. तराजू हातात घेऊन ते इतरांच्या शेजारी बसले आणि तिथे अडचण सुरू झाली.

आज मला बोलायचं आहे ते या तराजूबद्दल. आपल्याकडे अनेक संस्था समाजाने बाजूला सारलेल्या माणसांसाठी उद्योग चालवतात. कुष्ठरोगातून बरे झालेले, तुरुंगातून सुटलेले, व्यसनातून बाहेर पडलेले, टाकलेल्या बायका, अंध-अपंग, वेठबिगारीतून सोडवलेली कुटुंबं, सगळ्यांसाठी काही ना काही उद्योग असतो. अहवालात लिहिलेलं असतं की इतक्या जणांना काम मिळालं. काम मिळालं हे चांगलंच. पण काम मिळणं आणि समाजात परत येणं या दोन गोष्टींत बरंच अंतर आहे, आणि ते अंतर बऱ्याचदा काम करणाऱ्याच्या बाजूला नसून आपल्या बाजूला असतं, असं माझं म्हणणं आहे.

त्या चित्रपटाला खरा आधार होता. औंध संस्थानात, आटपाडीजवळ, 1939 साली 'स्वतंत्रपूर' ही कैद्यांची खुली वसाहत सुरू झाली. कल्पना मॉरिस फ्रीडमन यांची. पोलंडमध्ये जन्मलेला हा इंजिनिअर बंगळूरला विजेच्या सामानाचा कारखाना चालवायला आला आणि इथलाच झाला. 'भारतानंद' हे नाव त्याने घेतलं. औंधचे राजे बाळासाहेब पंतप्रतिनिधी आणि अप्पासाहेब पंत यांनी त्याला जमीन दिली, माणसं दिली आणि मुख्य म्हणजे मोकळीक दिली. वसाहतीला भिंत नव्हती. कैदी बायकामुलांसह राहायचे आणि शेती करायचे. ती वसाहत आज सांगली जिल्ह्यात आहे आणि अजून चालू आहे. आपल्या नगर जिल्ह्यातही श्रीगोंदा तालुक्यात विसापूरला शेतीवर चालणारं खुलं कारागृह आहे, हे आपल्यातल्या किती जणांना माहीत असेल याची मला शंका आहे.

स्वतंत्रपूरची खुबी शेतीत नव्हती. येरवड्याच्या भिंतीआडही शेती होते, सुतारकाम होतं, गालिचे विणले जातात. खुबी कुटुंबात होती. माणूस संध्याकाळी घरी येतो, पोरगं शाळेतून काय शिकून आलं ते विचारतो, उद्याच्या पाळीच्या पाण्याची काळजी करतो. ज्याला उद्याची काळजी करायची मुभा आहे तो पळून जात नाही. तुरुंगाच्या कारखान्यात हात गुंततात, उद्या मात्र दुसऱ्याच्या ताब्यात असतो.

आता याच्या अगदी उलटं उदाहरण. इंग्रज सरकारने 1871 मध्ये गुन्हेगार जमातींचा कायदा केला. जन्माने गुन्हेगार, असा शिक्का. पुढे या जमातींना सुधारण्यासाठी वसाहती निघाल्या. सोलापूरला मोठी सेटलमेंट झाली. ती सोलापूरला का, तर तिथे कापडगिरण्या होत्या आणि गिरण्यांना मजूर हवे होते. तारेच्या कुंपणात राहायचं, हजेरी द्यायची, भोंगा झाला की गिरणीत जायचं आणि परत कुंपणात यायचं. हिशेबाच्या भाषेत हे सगळे लोक कामाला लागलेले होते. मजुरी मिळत होती, मुलांना शाळा होती, दवाखाना होता. चालवणाऱ्यांत सद्भावनेची माणसंही होती, हे नाकारता येत नाही. हा कायदा देशभरातून गेला तो 31 ऑगस्ट 1952 रोजी. भटके-विमुक्त आजही तो दिवस पाळतात. कुंपण गेलं तरी सोलापुरात 'सेटलमेंट' हे नाव राहिलं, आणि त्या पत्त्यावरून नोकरी मागायला जाणाऱ्याला त्याचा त्रास पुढच्या पिढीतही झाला. काम होतं, पगार होता, आणि तरीही ती माणसं समाजात नव्हती. पुनर्वसनाच्या प्रत्येक संस्थाचालकाने ही गोष्ट समोर ठेवावी असं मला वाटतं. काम हे कोंडून ठेवण्याचंही साधन असू शकतं.

आता पुणे जिल्ह्यात, दौंडजवळ केडगावला जाऊ. पंडिता रमाबाईंनी 1889 मध्ये मुंबईला शारदा सदन काढलं आणि पुढे ते पुण्याला नेलं. 1896-97 च्या दुष्काळात त्या मध्य प्रांतात गेल्या आणि उपाशी, पळवल्या जाणाऱ्या, विकल्या जाणाऱ्या मुलींना घेऊन आल्या. 1900 च्या सुमारास केडगावच्या मुक्ती सदनात सुमारे दोन हजार बायका-मुली होत्या. एवढ्या जणींना नुसतं जेवू घालायचं म्हटलं तरी छाती दडपते. रमाबाईंनी तिथे शेती, विणकाम, तेलाची घाणी, दूधदुभतं आणि छापखाना उभा केला. छापखान्यात खिळे जुळवणाऱ्या बायका होत्या, यंत्र चालवणाऱ्या बायका होत्या. रमाबाईंनी हिब्रू आणि ग्रीकवरून केलेलं बायबलचं मराठी भाषांतर याच बायकांनी छापलं. ते 1924 साली, रमाबाई गेल्यानंतर दोन वर्षांनी पूर्ण बाहेर आलं.

रमाबाईंच्या धर्मांतराबद्दल कोणाचं काहीही मत असो, त्या काळात तो वाद पुष्कळ झाला आणि मला आज त्यात शिरायचं नाही. मला दिसतं ते असं, की ज्या बाईला घरचे दारात उभं करत नव्हते तिच्या हातात शिशाचे खिळे आले. छपाई हे त्या वेळी मोलाचं कसब होतं. 'बायकांना काय जमणार, द्या पापड लाटायला' असा विचार रमाबाईंनी केला नाही. आजच्या संस्था बऱ्याचदा तोच विचार करतात. तुम्ही दिवाळीआधी शहरातल्या कुठल्याही संस्थांच्या प्रदर्शनात जा. मेणबत्ती, उदबत्ती, पणत्या आणि कापडी पिशव्या. अंधांच्या संस्थेची मेणबत्ती, मतिमंद मुलांची मेणबत्ती, महिलाश्रमाची मेणबत्ती. महाराष्ट्रात एवढा अंधार नाही! मेणबत्ती शिकवायला सोपी, भांडवल कमी आणि फोटो छान येतो, म्हणून ती निवडली जाते. बाजारात तिला मागणी आहे का, हे शेवटी विचारलं जातं.

आणि आपण ती विकत का घेतो? दया येते म्हणून. पिशवीचा बंद आठवड्यात तुटला तर आपण तक्रारही करत नाही, 'जाऊ दे, बिचाऱ्यांनी केलीय' म्हणतो. नेहमीच्या दुकानदाराशी आपण भांडलो असतो. ज्याच्याशी भांडण करता येत नाही त्याला आपण बरोबरीचा मानलेलं नसतं. म्हणून माझी पहिली कसोटी साधी आहे. हा माल कोणी बनवला ते लेबलावर लिहिलं नाही, तरी तो विकला जाईल का?

या कसोटीला जी संस्था दीर्घकाळ उतरली तिच्याबद्दल जरा सविस्तर बोलतो. महारोगी सेवा समिती स्थापन झाली 1949 मध्ये, आणि जून 1951 मध्ये विनोबांच्या हस्ते आनंदवन सुरू झालं. चांदा जिल्ह्यात वरोऱ्याजवळची दगडगोट्यांची पन्नास एकर जमीन, सहा कुष्ठरोगी, एक लंगडी गाय आणि खिशात चौदा रुपये. बाबा आमटे आणि साधनाताई दोन लहान मुलांना घेऊन तिथे गेले. पहिलं काम विहिरीचं. मग भाजी पिकू लागली, दूध होऊ लागलं. पण ती भाजी वरोऱ्यात कोण घेणार? कुष्ठरोग्याच्या हातची भाजी, कुष्ठरोग्याने काढलेलं दूध. स्वतः खाऊन उरलेला माल तसाच पडून राहायचा. चित्रपटातल्या कैद्यांना बाजारात मार तरी मिळाला. इथे कोणी जवळच आलं नाही.

ही कोंडी फुटली ती पाहुण्यांमुळे. 1954 मध्ये सर्व्हिस सिव्हिल इंटरनॅशनल या संस्थेचे निरनिराळ्या देशांतले तरुण आनंदवनात येऊन राहिले. रुग्णांच्या बरोबरीने विटा वाहिल्या, इमारती बांधल्या, तिथलंच अन्न खाल्लं. वरोऱ्याचे लोक हे पाहत होते. साहेबाची पोरं खातात आणि त्यांना काही होत नाही, मग आपल्याला काय होणार, असं म्हणत हळूहळू गिऱ्हाईक यायला लागलं. यात आपल्या मनाच्या गुलामीचाही एक अंश आहे, तो बाजूला ठेवू. विज्ञान काय सांगतं? कुष्ठरोग सहजासहजी लागत नाही. बहुतेक माणसांच्या अंगात त्याला रोखणारी ताकद असतेच, आणि औषध सुरू झालं की रुग्णापासून पसरण्याचा धोका लवकर संपतो. 1982 पासून बहुविध औषधोपचार आला आणि रोग पूर्ण बरा होऊ लागला. पण विज्ञानाची पत्रकं वाटून भाजी विकली गेली नसती. ती विकली गेली ती कोणीतरी सर्वांच्या देखत खाल्ली तेव्हा.

त्यापुढचं बाबांचं पाऊल मला त्याहून मोठं वाटतं. 1964 मध्ये त्यांनी आनंदवनात कला, विज्ञान आणि वाणिज्य महाविद्यालय काढलं, पुढच्याच वर्षी कृषी महाविद्यालय. इमारती उभ्या केल्या त्या आनंदवनातल्याच लोकांनी, आणि शिकायला आली वरोऱ्याची आणि आसपासच्या गावांची निरोगी मुलं. तोवर सगळे विचारत होते, या लोकांना समाजात परत कसं न्यायचं. बाबांनी दिशाच उलटी केली आणि समाजाला आत आणलं. ज्या हातांची भाजी नको होती त्या हातांनी बांधलेल्या वर्गात बसून तालुक्याची पोरं पदवीधर झाली. आता मला सांगा, कोणी कोणाचं पुनर्वसन केलं?

एक बारकी गोष्ट सांगतो, कारण अशा कामात बारक्या गोष्टींवरच सगळं अवलंबून असतं. कुष्ठरोगात बोटं झडतात असं आपण समजतो. वेल्लोरचे शल्यविशारद डॉ. पॉल ब्रँड यांनी दाखवून दिलं की खरं नुकसान वेगळ्या वाटेने होतं. मज्जातंतू मेल्याने हाताला चटका कळत नाही, काटा कळत नाही. माणूस गरम भांडं धरून ठेवतो, हातोड्याच्या दांड्याने फोड आला तरी काम करत राहतो, जखम चिघळते आणि बोट जातं. म्हणजे अशा माणसाच्या हातात नुसतं अवजार दिलं तर कामच त्याचा हात खाऊन टाकेल. मूठ जाड करावी लागते, तिला गुंडाळी करावी लागते, रोज संध्याकाळी एकमेकांचे हात पाहण्याची सवय लावावी लागते. दारू सोडलेल्या माणसाच्या बाबतीत हेच वेगळ्या रूपात येतं. पगार आठवड्याला द्यायचा की महिन्याला, रोख द्यायचा की बायकोच्या खात्यात, यावर त्याचं टिकणं अवलंबून असतं. पुण्याचं मुक्तांगण 1986 पासून चालतंय. तिथे व्यसनातून बाहेर पडलेलेच अनेक जण आज इतरांना सावरण्याचं काम करतात. ज्याने ती वाट तुडवली आहे त्याला कुठे काटा आहे ते ठाऊक असतं.

आनंदवनाबद्दल आदर ठेवूनच एक प्रश्न विचारायला हवा. बरे झालेले अनेक जण तिथेच राहिले. तिथे लग्नं झाली, मुलं झाली, गावच वसलं. गाव म्हणून ते सुंदर आहे. पण बरे झालेले सगळेच आपापल्या मूळ गावी का गेले नाहीत, याचं उत्तर आनंदवनाला विचारून उपयोग नाही. ते त्या मूळ गावांना विचारायचं. कुष्ठरोग हे घटस्फोटाचं कारण म्हणून आपल्या कायद्यांत 2019 पर्यंत होतं. रोग बरा करणारी औषधं आल्यावर जवळजवळ चाळीस वर्षं!

म्हणून दुसरी कसोटी. हा उद्योग सोडून माणसाला जाता येतं का? जायचं की राहायचं हे त्याने ठरवावं, पण दार बाहेरच्या बाजूला उघडायला हवं. ज्या वर्षी महारोगी सेवा समिती निघाली त्याच वर्षी, 1949 मध्ये, पॅरिसजवळ आबे पिएर या पाद्र्याने 'एमाउस' ही चळवळ सुरू केली. बेघर, तुरुंगातून आलेले, दारूने उद्ध्वस्त झालेले लोक भंगार आणि जुनं सामान गोळा करायचे, दुरुस्त करायचे, विकायचे. त्यावर त्यांचा संसार आणि संस्था चालायची. ही कल्पना अनेक देशांत गेली, आणि पिएर फ्रान्सच्या सर्वांत लाडक्या माणसांपैकी एक झाले. त्यांच्या मृत्यूनंतर, 2024 मध्ये, त्यांनी अनेक स्त्रियांवर लैंगिक अत्याचार केल्याचे आरोप पुढे आले, आणि ते बाहेर आणले खुद्द त्यांच्याच चळवळीने. हे मी इथे मुद्दाम सांगतोय. आपल्याकडे संस्था म्हणजे एक मोठा माणूस, त्याच्या पायाशी बाकी सगळे, अशी रचना असते. जिथे कामही त्याचं, निवाराही त्याचा, जेवणही त्याचं आणि बाहेर जायला जागा नाही, तिथे तक्रार कोणाकडे करायची? मालकावर कामगार रागावू शकतो, युनियन करू शकतो. देवावर कोण रागावणार? धर्मादाय उद्योगाला कामगार कायदे लावायला जे संस्थाचालक नाखूष असतात, 'आमचं एक कुटुंब आहे' असं जे म्हणतात, त्यांच्याकडे मी जरा सावधपणे पाहतो. किमान वेतन, हजेरीपट, भविष्य निर्वाह निधी, तक्रार समिती या रुक्ष गोष्टींत माणसाचा मान राखला जातो. 'प्रशिक्षणार्थी' म्हणून पाच-पाच वर्षं अर्ध्या मजुरीत राबवणं याला सेवा म्हणता येत नाही.

या बाबतीत मला पुण्याच्या कचरा वेचणाऱ्या बायकांचं उदाहरण सगळ्यांत पुढचं वाटतं. 1993 मध्ये डॉ. बाबा आढाव यांच्या पुढाकाराने आणि एसएनडीटीतल्या कार्यकर्त्यांच्या साथीने कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत उभी राहिली. कचऱ्याच्या ढिगात हात घालणाऱ्या, बहुतेक दलित समाजातल्या या बायकांना पोलीस चोर समजायचे, सोसायटीचा रखवालदार हाकलायचा. पंचायतीने त्यांच्यासाठी आधी मिळवलं ते ओळखपत्र. महापालिकेने मान्य केलेलं. त्या एका कार्डाने दारात उभं राहायची सोय झाली. पुढे 2008 मध्ये त्यांच्याच 'स्वच्छ' या सहकारी संस्थेने महापालिकेशी करार केला. आता त्या दारोदार जाऊन कचरा घेतात आणि घराकडून ठरलेलं शुल्क घेतात. काम जवळपास पूर्वीचंच. बदललं ते एवढंच की त्या आता दारावरची बेल वाजवतात आणि महिन्याचे पैसे मागतात. आणि संस्था त्यांची आहे. सहकाराचं महत्त्व नगर जिल्ह्याला मी काय सांगावं? खाली प्रवरानगरला 1950 साली विठ्ठलराव विखे पाटील आणि धनंजयराव गाडगीळ यांनी शेतकऱ्यांच्या मालकीचा साखर कारखाना उभा केला, त्याचा इतिहास शाळेच्या पुस्तकात आहे.

पण प्रवरा उगम पावते ती इथे वर, रतनगडाच्या कुशीत. भंडारदऱ्याचं धरण 1926 मध्ये पुरं झालं. पाणी खाली गेलं, ऊस खाली पिकला, सहकारही खाली रुजला. आणि वरची माणसं भाताची कापणी आटोपली की पाण्यामागोमाग खाली जातात. कोणी नारायणगावला भाजीपाल्याच्या आणि द्राक्षांच्या कामाला जातं, तर कोणी वीटभट्टीवर. पहाटे अड्ड्यावर उभं राहायचं आणि कोणीतरी जीप घेऊन येण्याची वाट पाहायची. राजूरमध्ये एकात्मिक आदिवासी विकास प्रकल्पाचं कार्यालय आहे, आश्रमशाळांचं जाळं आहे, महाविद्यालय आहे. म्हणजे इथे काहीच नाही असं कोणी म्हणू नये. पण डिसेंबरात वाड्यावस्त्यांवर म्हातारी माणसं आणि कुलपं दिसतात, हेही खरं.

या मुलखाला काम देऊन 'परत आणण्याचा' एक प्रयोग पूर्वी झालेला आहे. देवगावच्या राघोजी भांगरे यांना 2 मे 1848 रोजी ठाण्याच्या तुरुंगात फाशी दिली, हे राजूरला सांगायला नको. त्यांच्या बंडामागे काय होतं? पेशवाई गेल्यावर किल्ल्यांच्या राखणीची कामं गेली, वतनं आणि वेतनं कापली गेली, सावकाराचा फास आवळला. हातातलं काम आणि त्याबरोबरचा मान गेला, म्हणून माणसं रानात गेली. मग 1857 चा उठाव झाला आणि त्याच इंग्रजांना या डोंगरी माणसांची गरज भासली. कॅप्टन नटॉल याच्या हाताखाली महादेव कोळ्यांची पलटण उभी राहिली, ती वाढत सहाशेपर्यंत गेली. ज्यांच्यावर काल बंडखोर म्हणून पहारा होता ते आज सरकारी शिपाई! चालण्यात आणि शिस्तीत ते उत्तम निघाले, असं इंग्रजांच्याच गॅझेटिअरमध्ये नोंदलेलं आहे. 1861 मध्ये धोका टळला आणि पलटण मोडली. थोडे पोलिसांत गेले, बाकीचे परत शेतावर आणि मजुरीला. सावकार जिथे होता तिथेच होता. बारा वर्षांनी, 1873 मध्ये, होन्या केंगले यांनी सावकारांविरुद्ध बंड पुकारलं. देणाऱ्याची गरज संपली की संपणारं काम माणसाला कुठेच पोहोचवत नाही. तीन वर्षांच्या अनुदानावर सुरू होणारे आणि चौथ्या वर्षी शिवणयंत्रांवर धूळ बसणारे प्रकल्प पाहिले की मला ही पलटण आठवते.

मग राजूरला काय करता येईल? मी अर्थतज्ज्ञ नाही, पण ऐकून आणि पाहून काही मतं झाली आहेत. मेणबत्ती नको. इथल्या मातीतलं घ्या. काळभात, इंद्रायणी, नाचणी, वरई, हिरडा. कोंभाळण्याच्या राहीबाई पोपेरे यांनी गावरान बियाणं जपून दाखवलं आणि 2020 मध्ये त्यांना पद्मश्री जाहीर झाली. त्या बियाण्याला भाव आहे तो दयेपोटी नाही. भात इथून पोत्याने जातो आणि शहरात किलोच्या पिशवीत दुप्पट भावाने विकला जातो. मधली सडाई, निवडणी, भरणी इथेच झाली तर त्यात अपंग माणसाला बसून करण्याचं काम आहे, एकट्या बाईला गाव न सोडता करण्याचं काम आहे. भंडारदऱ्याला काजवे पाहायला हजारो लोक येतात, तंबूंच्या चादरी कुठेतरी धुतल्या जातातच. आश्रमशाळांना गणवेश लागतात, मसाला लागतो, बाकं दुरुस्त करावी लागतात. हे पक्कं गिऱ्हाईक दारात बसलेलं आहे. पण निविदेत लाखोंच्या उलाढालीची अट असते आणि अनामत रक्कम भरावी लागते, म्हणून काम दूरच्या ठेकेदाराला मिळतं. ही अट बदलून घेणं हे शंभर शिवणयंत्रं वाटण्यापेक्षा मोठं पुनर्वसन ठरेल.

पैशाबद्दल स्पष्ट बोलू. असा उद्योग सुरुवातीला तोट्यात जाणार. नव्याने शिकणाऱ्याचा वेग कमी, माल जास्त बिघडतो, कोणी मध्येच आठ दिवस नाहीसा होतो. हा खर्च लपवायचा नाही आणि त्याची लाजही बाळगायची नाही. दोन वह्या ठेवा. एकीत धंद्याचा चोख हिशेब, माल, भाव, नफा-तोटा. दुसरीत माणूस उभा करण्याचा खर्च, शिकवणारा, औषध, राहण्याची सोय, कागदपत्रं. दुसऱ्या वहीसाठी देणगी मागा, कंपन्यांचा सामाजिक निधी मागा, उजळ माथ्याने मागा. पण ती देणगी पहिल्या वहीत घालून 'आमचा उद्योग स्वयंपूर्ण आहे' असं मिरवू नका. त्यात फसवणूक देणगीदाराची होते, आणि काम करणाऱ्याची त्याहून जास्त. त्याला वाटतं आपण पायावर उभे आहोत, आणि एका वर्षी निधी थांबला की तो पुन्हा अड्ड्यावर.

आणि कागदपत्रांचं काम आधी करा. सुटून आलेल्या कैद्याकडे राहण्याचा पुरावा नसतो, स्थलांतरात रेशनकार्ड फाटलेलं असतं, जातीच्या दाखल्याला आजोबांचा कागद लागतो. अपंगांच्या 2016 च्या कायद्यात कुष्ठरोगातून बरे झालेल्यांचाही समावेश आहे, सरकारी नोकरीत अपंगांना चार टक्के जागा आहेत. पण प्रमाणपत्राशिवाय हे सगळं कागदावर. एखादा निवृत्त शिक्षक किंवा ग्रामसेवक आठवड्यातून दोन दिवस फक्त हेच काम करत बसला, तरी तो कुठल्याही उद्योगाइतकंच काम करेल.

आता शेवटचं, आणि ते संस्थांना उद्देशून नाही. या सभागृहात राजूरच्या बाजारपेठेतले दुकानदार आहेत, हॉटेलवाले आहेत, भाताच्या गिरणीचे मालक आहेत, शाळा-महाविद्यालयाच्या व्यवस्थापनातली मंडळी आहेत. पोलिसांचा चारित्र्याचा दाखला आण, असं सुटून आलेल्या माणसाला सांगितलं की आपण त्याला नाही म्हणालेलो असतो, फक्त सभ्य शब्दांत. संस्थेने चार वर्षं खपून एक माणूस तयार करायचा आणि आपल्या दुकानाच्या उंबऱ्याशी तो अडायचा, हे किती दिवस चालणार? माझी विनंती आहे की येत्या दिवाळीपर्यंत तुमच्यातल्या प्रत्येक व्यावसायिकाने अशा एका माणसाला कामावर घ्यावं. बाकीच्यांना देता तोच पगार द्या, नाव हजेरीपटावर लिहा, मागच्या दाराला न ठेवता गल्ल्याशेजारी गिऱ्हाईकासमोर उभं करा, आणि चुकलं तर इतरांना रागावता तसंच त्यालाही रागवा. नावं कुठे मिळतील ते संयोजकांना विचारा. आज सभा संपल्यावर ते दारातच थांबणार आहेत.